गळका तांब्या

डिमेलो सरांनी माझ्या टेबलावरचा तांब्या उचलला, बुडाशी बोट लावून भोक जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि तो ऋजुताच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “पहिला तांब्या.”

सगळे हसले. मीही हसले. इतरांचं थांबल्यावरही माझं थोडं चालूच राहिलं.

तो तांब्या सरांनी वसईच्या बाजारातून आणला होता. पितळी, पोचे आलेला, बुडाला तुरीएवढं भोक. आमच्या ऑफिसातली पद्धत अशी, की ज्याच्या कोडमुळे कुणाचा लिहिलेला डेटा हरवला, त्याच्या टेबलावर तांब्या जायचा आणि पुढचा अपराधी सापडेपर्यंत तिथेच राहायचा. प्रोग्राम बंद पडला, मशीन अडकलं, सगळं गोगलगायीच्या चालीनं चाललं, तर बोलणी बसायची, तांब्या नाही. तांब्या फक्त गळतीसाठी. दुसऱ्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या धंद्यात, ‘ठेवलंय’ म्हणून सांगायचं आणि जागेवर काही नसायचं, याहून मोठं पाप नाही.

तो सगळ्यांकडे जाऊन आला होता. माझ्याकडे तर माहेरपणाला यावा तसा यायचा. एकट्या सरांच्या टेबलावर तो कधी गेला नव्हता.

“पास्कल,” ऋजुता म्हणाली, “हा मला घरी नेता येईल का? आईला दाखवायला?”

पास्कल. पहिल्या दिवसापासून ती त्यांना पास्कल म्हणायची, आणि वर ‘तू’. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. माझ्या तोंडून ‘सर’ आणि ‘तुम्ही’ याखेरीज शब्द निघाला नव्हता. आणि सरांना त्या ‘तू’चं काही वाटायचं नाही. उलट खुलायचे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी बार्शीची, बी.कॉम. झालेली. सेनापती बापट रस्त्यामागच्या गल्लीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर ही कंपनी होती, तिथे मी बिलं करायला लागले. टायपिंगची परीक्षा दिलेली होती, बोटं शिवशिवायची. बिलं संपली की मी सरांनी लिहिलेला कोड उघडायची. वाचून काही कळायचं नाही, म्हणून मी तो जसाच्या तसा टाइप करायला घेतला. फाइलच्या फाइली. शब्द बोटांखालून गेले की हळूहळू डोक्यात उतरायचे. एक दिवस सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी त्यांचीच एक फाइल टाइप करत होते.

“हे काय?”

“काही नाही सर, शिकतेय.”

“मग ही ओळ का बदललीस?”

“तिथे तुमची चूक आहे असं वाटलं.”

ते आत गेले, एक वेताचं स्टूल घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. “काय वाटलं ते नको,” ते म्हणाले. “काय दिसलं ते सांग.”

तेव्हापासून ते स्टूल माझ्या टेबलाशीच असायचं. सर महिन्यातून एकदा वसईला जायचे आणि येताना वाळल्या पानांत बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणायचे, त्यातलं पहिलं पुडकं माझं. मग ऋजुता आली. मुंबईतल्या मोठ्या कॉलेजातून शिकलेली, मूळची सांगलीची, दिवसभर भडंग खाणारी, कीबोर्डमध्ये शेंगदाण्याची सालं पाडणारी. स्टूल तिच्या टेबलाशी गेलं. सुकेळीचं पुडकं आधी तिच्याकडे जायला लागलं, आणि माझ्याकडे येईपर्यंत सुटलेलं असायचं.

आमचे रमाकांत एकदा जेवताना म्हणाले, “तू त्या पोरीबद्दल रोज बोलतेस. एवढं तर तू आपल्या लग्नात माझ्याबद्दल बोलली नव्हतीस.”

“ती मला अजिबात आवडत नाही म्हणून बोलते.”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले, आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

आता त्या गळतीचं. एखादी प्रचंड फाइल एका मशीनवर लिहीत बसलं तर वेळ लागतो, म्हणून आम्ही तिचे तुकडे करून चार मशीनांवर एकाच वेळी लिहायचो. तुकडे वाटून देणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट. तो माझा, पहिल्या ओळीपासून मी लिहिलेला. तुकडे घेणारी मशीनं म्हणजे सर्व्हर, आणि त्यांच्यातला प्रोग्राम सरांचा. माझा क्लायंट भित्रा होता. प्रत्येक तुकडा देताना तो सर्व्हरला म्हणायचा, “आत्ता डिस्कवर लिही, मी इथेच उभा आहे.” पक्कं काम, पण सावकाश.

ऋजुताने तो बदलला. तिच्या क्लायंटने तुकडे भराभर द्यायचे, सर्व्हरने ते आधी मेमरीत ठेवून ‘घेतला’ म्हणायचं, आणि क्लायंटने शेवटी एकदाच प्रत्येक सर्व्हरला विचारायचं, “पक्का केलास?” याला कमिट म्हणतात. सर्व्हर ‘केला’ म्हणेपर्यंत क्लायंटने आपल्याजवळची प्रत टाकायची नाही. मध्येच सर्व्हरची वीज गेली तर त्याच्या मेमरीतलं सगळं पुसलं जाणार, म्हणून सर्व्हर प्रत्येक उत्तरावर एक आकडा घालतो. आम्ही त्याला शिक्का म्हणायचो. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला की शिक्का बदलतो. ‘घेतला’वर एक शिक्का आणि ‘पक्का केला’वर दुसरा दिसला, की क्लायंटने ओळखायचं, की हा मध्ये झोपून उठलाय, याला आधीचं काही आठवत नाही. मग सगळे तुकडे पुन्हा पाठवायचे. शिक्के जुळवणारा भाग मी पूर्वीच लिहून ठेवला होता, पण त्या रस्त्याने तोवर कोणी गेलं नव्हतं.

ऋजुताचा बदल मी वाचला होता. नीटनेटका होता. तो मी लिहायला हवा होता, असं वाचताना पोटात दुखावं इतका नीटनेटका.

आणि आता आमच्या परीक्षेत, फाइल लिहिता लिहिता एका सर्व्हरची विजेची वायर उपटून पुन्हा लावली, की कधीकधी फाइलला भोक पडत होतं. एका तुकड्याच्या जागी नुसती शून्यं. कधी पडायचं, कधी नाही. शुक्रवारी एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओची माणसं आमचं काम बघायला येणार होती. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “हे पार पडलं की क्लायंट ऋजुताकडे देऊ. तू ग्राहकांकडे बघ. तुझं बोलणं गोड आहे.”

माझं बोलणं गोड आहे हे त्यांना नेमकं तेव्हाच कळलं.

त्यामुळे तांब्या ऋजुताच्या टेबलावर गेला तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. चूक तिच्या बदलात निघावी, तो बदल काढला जावा, आणि माझा भित्रा क्लायंट माझ्याकडेच राहावा.

“मी शोधते, सर,” मी म्हणाले. “दोन दिवसांत.”

“दोघी मिळून शोधा,” सर म्हणाले. “एकच खुर्ची, एकच कीबोर्ड.”

दुसऱ्या दिवशी मी आले तर तांब्यात मनीप्लँट लावलेला. बुडाचं भोक तिने एम-सीलने बुजवून टाकलं होतं.

“छान दिसतोय ना, कुंदाताई?”

शिक्षेची शोभा केली होती पोरीने. आणि खोटं कशाला सांगू, मला त्या तांब्याचाही हेवा वाटला. इतक्या वेळा माझ्याकडे आला, मला कधी त्यात रोप लावायचं सुचलं नाही.

प्रयोगशाळा म्हणजे बंगल्याचं जुनं स्वयंपाकघर. ओट्यावर शेगडीच्या जागी चार सर्व्हर ओळीने मांडलेले, भिंतीला अजून फोडणीचे डाग, आणि कोपऱ्यात बेसिनचा थेंब थेंब नळ. आम्ही तिथे बसलो. ऋजुता वायर उपटायची, लावायची. मी फाइल वाचून बघायची. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात तारेवरून काय काय बोलणं झालं, ते सगळं आम्ही पकडून ठेवत होतो.

“ताई, तुम्हांला काय वाटतं, माझंच चुकलंय?”

“वाटण्याचं कोण विचारतंय? कमिट गेलं का बघ.”

“गेलंय. हे बघा. उत्तरही आलंय. ‘केला’ म्हणतोय.”

“सगळ्या सर्व्हरांना गेलं?”

“चौघांना. चौघेही म्हणतात ‘केला’.” तिने तोंडात भडंग टाकलं. “मग माझ्या क्लायंटने प्रत टाकली. बरोबर आहे ना?”

“माझ्या क्लायंटने,” मी म्हणाले.

“हो हो, तुमच्या. तुमच्या क्लायंटने टाकली.” ती हसली. “ताई, एक सांगू? मी आले ना, तेव्हा पास्कल मला म्हणाला, आधी कुंदाचा क्लायंट वाच. मी म्हटलं, का? तर म्हणाला, त्यात एकही ओळ घाईत लिहिलेली नाही.”

“कधी म्हणाले?”

“पहिल्याच आठवड्यात.”

मला कधी नाही म्हणाले ते. मी मान खाली घालून पडद्याकडे बघत राहिले. कौतुक माझं, आणि तेसुद्धा मला तिच्याकडून उष्टं मिळत होतं.

दुपार झाली तरी काही सापडेना. तिचा बदल आम्ही ओळीन्‌ओळ तपासला. मी त्यात खोट शोधत होते, सासूने भाकरीत खडा शोधावा तशी. मिळाली नाही. शेवटी ऋजुता कंटाळून उठली.

“मी कोपऱ्यावरून सँडविच आणते. तुम्हांला?”

“नको.”

“चटणी जास्त सांगते,” असं म्हणून ती गेली.

मी एकटी राहिले. डोकं चालेना, तेव्हा मी नेहमी करते तेच केलं. पकडून ठेवलेलं बोलणं उघडलं आणि ते सगळं शेजारच्या खिडकीत हाताने टाइप करायला लागले. सकाळी एकदा मला असं करताना पाहून ऋजुता म्हणाली होती, “ताई, कॉपी-पेस्ट करा ना, बोटं झिजतील.”

पहिल्या सर्व्हरने दिलेली उत्तरं, त्यावरचा शिक्का. दुसऱ्याची. तिसऱ्याची. मग चौथा, याचीच वायर आम्ही उपटली होती. ‘घेतला’, शिक्का. ‘घेतला’, शिक्का. मग वायर उपटली, म्हणून शांतता. मग पुन्हा उठला. कमिट. ‘केला’, शिक्का.

माझी बोटं थांबली. डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. आकडा लांबलचक होता आणि असले आकडे सगळे सारखेच दिसतात. पण बोटं त्याच कळांवरून, त्याच क्रमाने, जिना उतरावा तशी उतरली होती. मी वर जाऊन पाहिलं. वीज जाण्याआधीचा शिक्का आणि नंतरचा शिक्का एकच होता.

सर्व्हर मरून परत आला होता आणि सांगत होता, की मी कुठे गेलोच नव्हतो. माझ्या क्लायंटने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि प्रत टाकून दिली. ऋजुताचं काही चुकलं नव्हतं. माझंही नाही.

ऋजुता यायची वाट बघावी हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी उठून सरळ सरांच्या खोलीत गेले. हे आधी त्यांना, आणि एकटीने सांगायचं होतं मला.

“सर, शिक्का बदलत नाहीये.”

ते चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले. “कुठल्या मशीनचा?”

“ओट्याच्या टोकाच्या. बेसिनशेजारच्या.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “त्याचा सेल गेलाय,” ते म्हणाले. “घड्याळाचा. ते जुनं मशीन आहे, भंगारातनं आणलेलं. वीज गेली की घड्याळ शून्यावर. दर वेळी उठतं ते त्याच तारखेला, त्याच वेळेला. खरी वेळ त्याला मागाहून कळते.”

“आणि शिक्का तुम्ही कशावरून काढता?”

“सुरू झाल्याच्या वेळेवरून. सेकंदापर्यंत.” त्यांनी चष्मा घातला. “पुरेसं वाटलं होतं तेव्हा.”

“म्हणून कधी भोक पडतं, कधी नाही. सुरू व्हायला एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तर शिक्का बदलतो.”

“हो,” ते म्हणाले. “म्हणून.”

तो सर्व्हरचा प्रोग्राम म्हणजे सरांचं आयुष्य होतं. आधीची बरी नोकरी सोडून त्यांनी तो लिहायला घेतला होता. कंपनी नंतर आली. ते उठले, पेंट्रीतून चहाचे दोन कप घेतले आणि मला म्हणाले, “चल, तुझ्या टेबलाशी बसू.” जाताना त्यांनी ऋजुताच्या टेबलाजवळचं वेताचं स्टूल पायानेच ओढत माझ्या टेबलापर्यंत आणलं.

मी चहा हातात घेतला. स्टूल परत आलं होतं. इतके महिने मी ज्याच्यावर डोळा ठेवून होते ते स्टूल.

“हे बघ कुंदा,” ते हळू आवाजात म्हणाले. “शुक्रवारी ऋजुताचा बदल काढून टाकू. जुना रस्ता दाखवू. सावकाश आहे, पण त्यात शिक्क्याचा प्रश्नच येत नाही. भोक पडणार नाही. मग मी आत बसून शिक्का नीट करतो. कुणाला सांगायला नको.”

“आणि स्टुडिओची मशीनं?”

“नवी असतील. सेल असतील त्यांत.”

“सेल संपतातच, सर.”

“तोवर मी नीट केलेलं असेल ना.” त्यांनी घोट घेतला. “आणि क्लायंट तुझ्याकडेच राहू दे. मी जरा घाईच केली. ती अजून कच्ची आहे.”

ती कच्ची नव्हती. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं.

“तांब्या?” मी विचारलं.

“तांब्या काय गं. ती गंमत असते.”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. त्यांनी ती हो धरली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते गेले. स्टूल तिथेच ठेवून गेले. चहा गोड होता, म्हणजे त्यांना माझी साखर अजून आठवत होती. मला जे जे हवं होतं, ते सगळं एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसलं होतं, आणि मला मात्र उठून तोंड धुवावंसं वाटत होतं.

मी स्वयंपाकघरात परतले तर ऋजुता आलेली होती. सँडविच ओट्यावर तसंच पडलं होतं, कागदसुद्धा सोडला नव्हता. तिने खुर्ची घेतली होती. पडद्यावर तिचाच बदल उघडा होता, आणि तो काढून टाकायची आज्ञा लिहून तयार. फक्त एक कळ दाबायची बाकी.

“काढते मी हा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मला काही दिसत नाही, ताई. उगाच तुमच्या चांगल्या क्लायंटमध्ये हात घातला. तुमच्याकडेच बरा आहे तो.” तिने बोट कळीवर ठेवलं. “पास्कलला मीच सांगते.”

मला काही करायची गरजच नव्हती. नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं.

मी का बोलले, ते चांगुलपणाच्या खात्यात टाकू नये. मला राग आला होता. तो क्लायंट मी लिहिला होता. शिक्का तोच दिसला म्हणून त्याने प्रत टाकली, अगदी बरोबर केलं. आणि त्याला खोटं ठरवून, गप्प राहण्याबद्दल तोच मला बक्षीस म्हणून मिळत होता. आणि तो बदल मी वाचला होता. तसला कोड काढून टाकणाऱ्या बोटांकडे मला बघवेना, मग ती तिची स्वतःची का असेनात.

“हात काढ,” मी म्हणाले.

“काय?”

“कळीवरचा हात काढ. हे उघड. चौथा सर्व्हर. आणि हे सगळं टाइप कर.”

“ताई, आत्ता? हे मी कॉपी करून...”

“कॉपी नाही. टाइप.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग नाक ओढून टाइप करायला लागली. काय हळू टाइप करायची! दोन बोटांनी, मध्येमध्ये चुकत, शिकलेल्या पोरी करतात तसं. मला वाटलं हिला कळायचंच नाही, आता मलाच सांगावं लागणार. तिने वीज जाण्याआधीचा शिक्का एकेक आकडा म्हणत टाइप केला. शांततेची ओळ गेली. मग कमिटचं उत्तर. ती आकडे म्हणायला लागली, आणि निम्म्यात पडद्याकडे न बघताच पुढचे म्हणायला लागली. पाठ असल्यासारखे.

थांबली.

“ताई.”

“हं.”

“ताई, हा तोच आहे.” ती खुर्चीवरून उठली. “हा तोच शिक्का आहे! हा मेलाच नव्हता म्हणतोय! माझं नाही हे. तुमचंही नाही. हे... ” तिचा आवाज खाली आला. “हे पास्कलचं आहे.”

“असं दिसतंय खरं,” मी म्हणाले.

“आता?”

“आता काय? पद्धत आहे आपली. तांब्या आण.”

तिने मनीप्लँट काढून चहाच्या कपात लावला. मी बेसिनशी उभी राहून स्क्रूड्रायव्हरने एम-सील खरवडायला लागले. दगडासारखं घट्ट झालं होतं.

“असाच देऊ या ना,” ऋजुता म्हणाली. “बुजवलेला.”

“गळका आहे, गळकाच द्यायचा.”

एम-सीलचा खडा निखळून बेसिनमध्ये पडला. मी नळाखाली तांब्या काठोकाठ भरला आणि आम्ही निघालो. स्वयंपाकघरातून, हॉलमधून, सगळ्यांच्या टेबलांमधून. मागे फरशीवर थेंबांची ओळ. बोलणी एकेक करून थांबत गेली.

मी तो सरांच्या टेबलावर ठेवला. पाणी त्यांच्या कागदांकडे निघालं.

“रिकामा आणायची पद्धत आहे,” सर म्हणाले.

“रिकामा असला तर गळतोय हे दिसत नाही, सर.”

“पास्कल, मला सापडलं!” ऋजुताच्याने राहवेना. “टाइप करताना! ताईंनी जबरदस्तीने टाइप करायला लावलं, आणि तोच शिक्का परत आला, तू बघ, तू विश्वास नाही ठेवणार!”

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. खूप वेळ. मग त्यांनी कागद बाजूला सारले आणि तांब्याच्या बुडाखाली आपला तळहात धरला.

“छान शोधलंस,” ते ऋजुताला म्हणाले. पण बघत होते माझ्याकडे.

शुक्रवारी स्टुडिओच्या माणसांना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. ती माणसं उठून गेली; पुढच्या वर्षी परत आली. तोवर शिक्का नुसत्या वेळेवरून काढणं बंद झालं होतं. क्लायंट ऋजुताकडे गेला, ठरल्याप्रमाणे. तिचाच हक्क होता. मी ग्राहकांकडे गोड बोलायला गेले. स्टूल पुन्हा तिच्या टेबलाशी गेलं, आणि सुकेळीचं पुडकं माझ्याकडे सुटलेलंच येत राहिलं. नंतरही गळत्या झाल्या, माझ्या, इतरांच्या. पण तांब्या सरांनी पुन्हा कुणाला दिला नाही. निवृत्त होऊन वसईला गेले तेव्हा पिशवीत घालून घेऊन गेले.

ऋजुता आता परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. नव्या पोरांना ती अजून सांगते म्हणे, की कॉपी करू नका, टाइप करा. आणि मग चौथ्या सर्व्हरची गोष्ट सांगते, स्वतःला कशी सापडली ती. मला फोनवर हे सगळं हौसेने ऐकवते. मी ऐकते. फोन ठेवल्यावर रमाकांत विचारतात, “आवडायला लागली वाटतं?” मी म्हणते, अजिबात नाही.

मागच्या महिन्यात तिने मला एक फोटो पाठवला. वसईच्या कुठल्याशा अंगणात एक मोगरा, आणि त्याच्यावर दोरीने टांगलेला तो तांब्या. बुडाशी एक थेंब, पडायच्या बेतात. सर म्हातारे झालेत. रोज पाणी घालायला वाकवत नाही, म्हणून सकाळी एकदा भरून ठेवतात.

फोटो तिला पाठवला होता. मला सरळ पाठवायला काय झालं होतं, हे पहिलं मनात आलं.

खाली तिचा मजकूर होता: “पास्कल म्हणाला, हा कुंदाला दाखव. तिला आधी दिसलं होतं. ताई, म्हणजे काय?”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिला लिहिलं, “मोगरा छान आलाय म्हणावं.”